शुक्रवारचा एपिसोड

मालिका संपणार ही बातमी मला आईनेच दिली. आवाज असा, की नात्यातलं कुणीतरी अत्यवस्थ असावं. "गुंडाळतायत रे," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून त्या वेळेला दुसरंच काहीतरी लावणार आहेत. आत्ताच जाहिरात दाखवली." मी इकडे आखातात, फरवानियातल्या माझ्या खोलीत खुबूसची रोटी आणि डाळ खात बसलो होतो. ती नाशिकला तिच्या खुर्चीत. "संपू दे ना, किती वर्षं ताणणार," असं मी म्हटलं खरं, पण ताट बाजूला सारलं.

ही मालिका मी आपणहून कधीच बघितली नसती. मी इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. रिफायनऱ्यांमधून काढून आणलेले सेफ्टी व्हॉल्व्ह अर्दियाच्या आमच्या वर्कशॉपमध्ये येतात. ते तपासायचे, दुरुस्त करायचे आणि परत पाठवायचे, हे माझं काम. ठरलेल्या दाबाला व्हॉल्व्ह उघडला पाहिजे आणि दाब उतरला की मुकाट बसला पाहिजे. ज्या घरात कुणी चहाचा कप खाली ठेवला तरी तीन वेळा वीज कडाडते, ते घर माझ्यासारख्याला झेपणं कठीणच होतं.

पण बाबा गेले आणि आमच्या फोनची पंचाईत झाली. तोवर फोनवर बाबा बोलायचे आणि आई मागून सूचना करायची. आता ती सूचना करणारी आणि मी नुसता ऐकणारा, एवढेच उरलो. "जेवलास?" "हो." "काय?" "भात." "नुसता?" "डाळ होती." मग दोघं गप्प. मी पंख्याचा आवाज ऐकायचो, ती माझ्या एसीचा. तिला फोन ठेववत नसे आणि मला काही सुचत नसे.

एकदा त्या शांततेत ती अचानक म्हणाली, "आज थोरल्या जावेने दुधात पाणी मिसळलं आणि आळ घातला धाकटीवर." मला वाटलं शेजारी काहीतरी भानगड झाली. मी म्हटलं, "मग तू मध्ये पडू नकोस. आणि फार झालं तर सोसायटीच्या सेक्रेटरीला सांग." पलीकडे आई हसायला लागली. बाबा गेल्यानंतर ती तशी पहिल्यांदाच हसली. "अरे, टीव्हीवरची रे!" तिला पुढे बोलवेना. त्याच संध्याकाळी मी ॲप उतरवून घेतलं.

गोष्ट साधी होती. तालुक्याच्या गावात दूध डेअरी चालवणारी धाकटी सून, तिला पाण्यात पाहणारी थोरली जाऊ, दोन्ही सुनांच्या मध्ये तोंड न उघडणारे दोन नवरे आणि कोमात गेलेले सासरे. सासरे मला फार आवडायचे. सगळ्या घरात तेवढेच शांत होते. पुढे पुढे मी नुसता बघणारा राहिलो नाही, चाहता झालो. चाहता म्हणजे काय, तर मालिकेला शिव्या घालत घालत एकही भाग न चुकवणारा. ॲपवर नवा भाग टीव्हीच्या आधीच येई, पण तो मी उघडत नसे. आईच्या आधी काही कळलं तर बोलताना तोंडावर ताबा ठेवता येत नाही. नाशिकला जेवणं आटोपून ती टीव्हीसमोर बसायची तेव्हा इकडे मी नुकताच कंपनीच्या बसमधून उतरून, खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, दही घेऊन वर आलेलो असायचो. दोघं एकाच वेळी बघायचो. ती जाहिराती बघायची, मी कुकर लावायचो. संपलं की फोन.

आणि मग काय काय बोलायचो आम्ही! थोरल्या जावेच्या माहेरचं वळण, डॉक्टरचा संशयास्पद चष्मा, सासऱ्यांची हललेली करंगळी. "करंगळी हलली तेव्हा नाडी बघायला नको का कुणी?" मी चिडायचो. "तू आणि तुझी मशीनं," आई म्हणायची. "त्यांना बोलायचंय म्हणून हलली." जावेबद्दल बोलता बोलता ती स्वतःच्या जावेबद्दल बोलायची, जे ती बाबा असताना कधी बोलली नव्हती. मलाही माझ्या मोडलेल्या लग्नाबद्दल दोन गोष्टी सांगता आल्या, त्या गप्प नवऱ्यांच्या आडून.

हे बोलणं माझ्यासाठी काय होतं ते सांगतो. वर्कशॉपमध्ये दिवसभर हिंदी, साहेबाशी इंग्रजी, गेटवर मोडकंतोडकं अरबी. मराठी मंडळी इथे पुष्कळ आहेत आणि चांगली आहेत, पण ती जोडप्याजोडप्याने भेटतात. कुणाकडे पूजा, कुणाच्या पोराचा वाढदिवस. लग्न मोडल्यावर काही दिवस मी गेलोही. मग "एकटाच आलास?" या प्रश्नाचा कंटाळा आला आणि मी जाणं सोडलं. बोलावणी हळूहळू आटली. त्यात त्यांचा दोष नाही, माझंच नाक वर. आईशी होणारं अर्ध्या तासाचं बोलणं एवढंच माझं दिवसाचं मराठी होतं. ते गेलं असतं तर माझ्याकडे संध्याकाळ नावाची गोष्टच उरली नसती.

शेवटच्या भागात सासरे शुद्धीवर आले आणि त्यांनी चहा मागितला. इतकी वर्षं निजून उठल्यावर माणूस दुसरं काय मागणार? थोरली धाकटीच्या गळ्यात पडून रडली. आई रडली. मीही रडलो, आणि का ते मला चांगलं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी फोन केला. "जेवलास?" "हो." "काय?" "भात." आणि पुन्हा तोच पंखा, तोच एसी.

"दुसरी एखादी मालिका धर ना," मी म्हणालो.

"नको रे. या वयात पुन्हा नवी माणसं ओळखीची करायची. आणि तीही अशीच निघून जाणार." मग तीच म्हणाली, "तू दमला असशील. ठेवते." आधी ती कधी 'ठेवते' म्हणाली नव्हती.

त्याच आठवड्यात आमच्या वर्कशॉपमधल्या फिलिपिनो फिटरने मला विचारलं, "सर, फ्रायडे यू कम? बेसबॉल." तो कुठल्याशा टीममध्ये खेळतो हे मला माहीत होतं. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, आणि दर रविवारी तो लंगडत कामावर यायचा. एरवी शुक्रवारी मी बस पकडून दस्मानच्या बाजूला समुद्रावर जायचो आणि दुसऱ्यांची पोरं सायकली चालवताना बघून परत यायचो. त्यापेक्षा हे बरं, म्हणून गेलो.

अर्दियाच्या गोदामांमागे एक रेताड मैदान आहे. गवत नाही, कुंपणाला टांगलेली जाळी, एका बाजूला लोखंडी पायऱ्यांची बैठक. पलीकडच्या बाजूला खेळाडूंची कुटुंबं चटया पसरून, भाताचे टोप घेऊन बसलेली. मी अलीकडच्या पायऱ्यांवर बसलो. तिथे कुणीच नव्हतं. टीव्हीवर दुसऱ्या देशातलं बेसबॉल मी चॅनेल बदलताना ओझरतं बघितलं असेल, पण डोळ्यांसमोर, धूळ नाकात जाईल इतक्या जवळून, पहिल्यांदाच.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. बॅट दिसली की नियम आपल्याला माहीतच आहेत असं गृहीत धरतो. एका बुटक्याने चेंडूला अशी काही कड लावली की तो मागच्या माणसाच्या डोक्यावरून थेट जाळीवर. मी उभा राहून ओरडलो, "फोर!" आणि टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या चटईवरचं सगळं कुटुंब वळून माझ्याकडे बघायला लागलं. आमचा फिटर मैदानातूनच ओरडला, "नो सर! बॅड! बॅड!" मागे मारलेलं इथे चालतच नाही. म्हणजे ज्या फटक्यावर आपल्याकडे माणसं खुर्चीतून उठतात, तो इथे फुकट. मी खाली बसलो आणि पुढचा तासभर हात मांडीखाली दाबून ठेवले.

संध्याकाळी 'जेवलास' झाल्यावर, काहीतरी बोलायचं म्हणून मी आईला हे सांगितलं. ती हसली. मग म्हणाली, "म्हणजे मागे मारायचंच नाही? मग पुढे कुठे?" मी सांगितलं, समोर चौकट असते, चार कोपरे, मारल्यावर एकेक कोपरा गाठत पळायचं आणि जिथून निघालो तिथे परत यायचं. तेव्हा एक धाव.

"निघाला तिथेच परत यायचं? मग निघालाच कशाला?"

"खेळ आहे आई तो."

"आणि बॅट?"

"ती टाकून पळतात."

"टाकून?" तिला हे मुळीच पटलं नाही. "आपटत असेल की रे जमिनीवर. उचलून कडेला ठेवायला काय होतं?" त्या बॅटवर आम्ही बराच वेळ बोललो. फोन ठेवताना तिने विचारलं, "पुढच्या शुक्रवारी आहे का?" आणि मग, अगदी सहज, "गेला होतास कुणाबरोबर?"

"इथल्या मराठी मंडळातले चार-पाच जण होतो," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. मैदानावर एकटा जाऊन बसतो असं तिला सांगितलं असतं तर तिने सगळी रात्र कूस बदलत काढली असती. ती एकटी, वरून माझी काळजी कशाला.

त्यानंतर मी दर शुक्रवारी जायला लागलो. सुरुवातीला मी आईला सांगायला काहीतरी मिळावं म्हणून बघत होतो, हे खरं. पण बघता बघता मला खेळ कळायला लागला आणि आवडायला लागला. मालिकेत वीज कडाडली की समजावं, काही तरी घडलं. इथे उलटं. बराच वेळ काहीच घडत नाही, माणसं टोपी सारखी करत उभी, थुंकतात, मातीवर पायाने रेघ ओढतात. आणि मग डोळ्याचं पातं लवतंय तोवर तीन गोष्टी एकदम होतात आणि तुम्ही नेमके चौथीकडे बघत असता. पुन्हा दाखवत नाहीत. कुणाचा चेहरा जवळून दिसत नाही. हुकलं ते हुकलं. घरी येऊन आईला सांगताना मी ते पुन्हा जुळवायचो आणि तेव्हा कुठे मला नीट दिसायचं.

आईसाठी मी माणसं पक्की केली. चेंडू टाकणारा उंच, हाडकुळा पोरगा, ज्याचा कोपर दुखायचा. पिंजऱ्यासारखा मुखवटा घालून मागे उकिडवा बसणारा जाडा, तो एरवी सलूनमध्ये केस कापतो. आणि दोघं भाऊ. हे भाऊ तिचे सगळ्यात लाडके. सख्खे भाऊ, वेगवेगळ्या टीममध्ये, आणि एकमेकांशी बोलत नव्हते. धाकटा पळत पळत थोरल्याच्या कोपऱ्यावर येऊन उभा राही, दोघांमध्ये हातभर अंतर, आणि दोघं दोन दिशांना बघत.

"पण का बोलत नाहीत?" आईने विचारलं.

"मला काय माहीत?"

"मग विचार! नुसता बघत काय बसतोस?"

शेवटी मी फिटरला विचारलं. दोघं एकाच खोलीत राहायचे आणि वॉशिंग मशीनवरून वाजलं होतं. एकाने दुसऱ्याचे ओले कपडे बाहेर काढून जमिनीवर टाकले म्हणे. मी हे सांगितल्यावर आई गंभीर झाली. "कपड्यांचं निमित्त रे," ती म्हणाली. "आतलं काहीतरी वेगळं असणार." पुढच्या शुक्रवारी धाकट्याने दुसरा कोपरा चोरला. तसा नियमच आहे, समोरच्याची नजर चुकवून पुढचा कोपरा गाठायचा. आईला आधी चोरीला परवानगी आहे हे ऐकून धक्का बसला आणि मग ती इतकी खूश झाली, की थोरल्या जावेच्या सगळ्या कारस्थानांवर ती इतकी खूश झाली नव्हती. "आणि थोरला बघत राहिला? त्याने पकडलं नाही?" "नाही पकडलं." "मुद्दाम," आई म्हणाली. "लिहून घे. मुद्दाम."

आता फोन ती करायची. सोमवारी, मंगळवारी सुद्धा. शुक्रवारचा एपिसोड आठवडाभर पुरायचा.

आणि दर वेळी मंडळींची चौकशी व्हायची. "सगळे आले होते?" "आले होते." "डब्याला काय नेलं होतं?" "पोहे." "कुणी केले?" मग मला एक नाशिककर वहिनी उभ्या कराव्या लागल्या, ज्यांच्या हाताला चव होती. खरं तर पोहे मीच करायचो आणि डबा मांडीवर ठेवून खायचो. पलीकडच्या चटईवरून कुणीतरी हात करून बोलवायचं, मी हात हलवून 'झालंय, झालंय' असं खुणेने सांगायचो. का कोण जाणे. वहिनींबद्दल आईला फार बरं वाटायचं. "माझा नमस्कार सांग त्यांना," ती म्हणायची. मी "सांगतो" म्हणायचो.

ऊन वाढायला लागलं. उन्हाळ्यात या मैदानावर कुत्रंही फिरकत नाही, त्यामुळे हंगाम तिथे संपतो. शेवटचा सामना नेमका दोघा भावांच्या टीमचा. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "हा मला लाइव्ह बघायचाय."

आईला व्हिडिओ कॉल आवडत नाही. त्यात आपण फार म्हातारं दिसतो असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, तुला त्यात काही दिसणार नाही, आवाज येणार नाही, नेट दगा देईल. तिने माझं एकही कारण मानलं नाही. "शेवटचा भाग आहे," ती म्हणाली. "शेवटचा भाग कुणी दुसऱ्याच्या तोंडून ऐकतं का?"

त्या शुक्रवारी मी पायऱ्यांवर बसून फोन लावला आणि कॅमेरा मैदानाकडे धरला. आईचा चेहरा कोपऱ्यातल्या लहान चौकटीत आला. केस नीट विंचरलेले, आणि अंगावर काठाची साडी. लग्नकार्याला नेसते ती.

"आई, हे काय, कुठे निघालीस?"

"कुठे नाही. दाखव तू."

मी दाखवलं. उंच पोरगा, जाडा, दोघं भाऊ. तिला कुणीच ओळखू येईना. "सगळे टोपीवालेच आहेत. यातला धाकटा कुठला?" मी बोट दाखवलं, ते कॅमेऱ्यासमोर आडवं आलं. "आणि हे हलत का नाहीत कुणी?" "हलतील." "तू सांगतोस तेव्हा तर सारखे पळत असतात." मी हसलो. मला खरंच मजा वाटत होती. इतक्या शुक्रवारांमध्ये पहिल्यांदाच मी त्या पायऱ्यांवर मराठीत बोलत होतो.

मग ती म्हणाली, "बरं, आता तुझी मंडळी दाखव. वहिनींना नमस्कार करायचाय मला."

साडी का ते मला तेव्हा कळलं.

"ते... चहाला गेलेत सगळे," मी म्हणालो.

"असं? येऊ देत. मी थांबते."

आणि ती थांबली. मैदानात एक बाजू बाद होऊन दुसरी आली. मी खेळाबद्दल भराभरा बोलत राहिलो, नको तितकं. ती "हं, हं" करत होती. मधूनच पदर सारखा करत होती, मंडळी कुठल्याही क्षणी येतील अशी. धाकट्याने फटका मारला, मी ओरडून सांगितलं, तिने "वा" म्हटलं. पुन्हा बाजू बदलली. मी म्हणालो, "आई, तुझी बॅटरी संपेल." ती म्हणाली, "चार्जर लावलाय." मी म्हणालो, "त्यांना उशीर होईल बहुतेक, गर्दी असेल."  ती नुसती बघत होती, आणि खेळाकडे तिचं लक्ष नव्हतं.

"कॅमेरा जरा तुझ्याकडे फिरव," ती म्हणाली.

मी फिरवला. माझ्या मागे रिकाम्या लोखंडी पायऱ्या वरपर्यंत गेल्या होत्या. शेजारी एक डबा आणि पाण्याची बाटली.

"आई," मी म्हणालो, "कुणी नाहीये. मी एकटाच येतो."

"पहिल्यापासून?"

"हो."

"आणि त्या वहिनी?"

"कुणी वहिनी नाहीत."

ती रागावेल असं वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने चष्मा काढला, काठाच्या पदराने पुसला, पुन्हा लावला. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मी रोज म्हणायचे," ती म्हणाली, "आपलं पोरगं माणसांत आहे. आपण एकटं असलो तरी चालतंय."

माझ्या पाठीमागे मैदानावर एकदम गलका झाला. कुणीतरी पळत असणार. काय झालं म्हणून तिने विचारलं नाही, आणि मीही वळून बघितलं नाही.